बाहेरून लावलेली कडी

मराठीत काही शब्द असे आहेत की रोजच्या बोलण्यातून ते जवळजवळ गेले, ज्या वस्तूंची ती नावे त्या वस्तूही नव्या घरांतून गेल्या. पण वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर ते अजून नेमाने भेटतात. 'कोयंडा' हा त्यांपैकी एक. 'बंद घराच्या दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी...' अशी सुरू होणारी बातमी वाचली नाही असा मराठी वाचक सापडणार नाही. द्वितीय वर्षाच्या वर्गात एकदा मी विचारले, कोयंडा म्हणजे नेमके काय? सर्वांनी तो शब्द वाचलेला होता. चौकटीत ठोकलेले, कडी अडकवण्याचे ते लोखंड म्हणजे कोयंडा, हे मात्र दोघा-तिघांनाच सांगता आले. ती मुले खेड्यांतून येणारी होती. बाकीच्यांच्या लेखी कोयंडा ही केवळ उचकटली जाणारी एक गोष्ट होती.

दाराच्या सुरक्षिततेची मराठीतली शब्दसंपत्ती पाहू लागले की लक्षात येते, ही भाषा बोलणारी माणसे रात्री निश्चिंत झोपत नसावीत. कडी, कोयंडा, साखळी, खिटी, अडणा, अडसर, आगळ. यांपैकी अडसर म्हणजे दाराच्या आतून आडवे सरकवण्याचे भक्कम लाकूड. आज आपण 'कामात अडसर आला' असे म्हणतो तेव्हा ते लाकूड कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आगळ हा शब्द संस्कृत 'अर्गला'पासून आला. देवीच्या सप्तशतीच्या पाठाआधी जी तीन स्तोत्रे म्हणतात त्यांची नावे कवच, अर्गला आणि कीलक अशी आहेत. म्हणजे चिलखत, अडसर आणि खीळ. देवीकडे जाण्यापूर्वीसुद्धा आपल्या पूर्वजांना सगळा बंदोबस्त नीट हवा होता.

माझ्या सासूबाईंचे बालपण वाईला एका वाड्यात गेले. त्या वाड्याच्या दाराविषयी त्या आजही एखाद्या नातेवाइकाविषयी बोलावे तशा बोलतात. मोठा दरवाजा सणासमारंभालाच उघडे. एरवी ये-जा दिंडीतून. दिंडी म्हणजे त्या मोठ्या दरवाजाच्या फळीतच बसवलेले छोटे दार. तिच्यातून आत येणाऱ्याला मान लववावी लागते. लहानपणी त्यांना सांगितले जाई की ही मान देवाच्या दारात लववावी तशी घराला दिलेली मानवंदना आहे. पुढे त्यांच्या आजोबांनी दुसरे कारण सांगितले: वाकून आत येणाऱ्याचे डोके आधी येते आणि हात मागे राहतात, त्यामुळे आत उभ्या असलेल्या माणसाला, आलेला पाहुणा आहे की शत्रू, हे ठरवायला एक क्षण मिळतो. मला ही दोन्ही कारणे एकाच वेळी खरी वाटतात. घराचे दार ज्या वेळी नमस्कार घेत असते, त्याच वेळी ते पारखही करीत असते.

पण अडसर कितीही जाड असला तरी जुन्या चोराला त्याची फिकीर नसे, कारण तो दाराने येतच नसे. 'घरफोडी' हा शब्द आपण आज कुलूप तोडण्याला वापरतो. मूळ अर्थाने तो भिंतीचा शब्द आहे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीला रात्रीतून भोक पाडणे हीच घरफोडी. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरफोडीची व्याख्या करताना पहिला प्रकार चोराने स्वतः पाडलेल्या वाटेने आत येणे हाच सांगितला आहे, आणि पहिले उदाहरणही भिंतीला भोक पाडून त्यातून हात घालणाऱ्याचे आहे. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक ३३० झाला. व्याख्येतला तो भिंत फोडणारा चोर मात्र सिमेंट-काँक्रीटच्या काळातही टिकून आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना या चोराची ओळख निराळी करून देण्याची गरज नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो ते एखाद्या शास्त्राच्या पंडिताने प्रात्यक्षिक करावे तसे. भोक कोणत्या आकाराचे पाडावे याचे पर्याय तो मनाशी मोजतो, माप घेण्याची दोरी विसरल्याचे ध्यानात येताच जानव्याने माप घेतो. देवलांच्या नाटकामुळे हा प्रसंग मराठी प्रेक्षकांच्याही परिचयाचा झाला. वर्गात हा प्रवेश शिकवताना हशा हमखास होतो. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. चारुदत्त जागा होतो, आधी त्या कामाच्या सफाईचे कौतुक करतो, आपल्यासारख्या निर्धनाच्या घरातून चोर रिकाम्या हाताने गेला असेल म्हणून हळहळतो; आणि मग वसंतसेनेने विश्वासाने ठेवायला दिलेले दागिने गेले हे कळल्यावर कोसळतो. त्याचे दुःख सोन्याचे नसते. चोरी झाली यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, दरिद्री माणसावरच संशय येईल, या जाणिवेने तो हादरतो. चोर निघून गेल्यावर घरात काय शिल्लक उरते, याचे इतके अचूक निदान दुसरीकडे क्वचितच सापडेल. चोरी एका घरात होते. संशय मात्र भोवतालच्या सगळ्या दुर्बळ माणसांच्या वाट्याला येतो.

हे सगळे आज मांडण्यामागे पुस्तकी कारण नाही. २०२३ च्या मे महिन्यात आमच्या इमारतीत चोर शिरले. इमारत तीन मजल्यांची, मजल्यावर चार अशा बारा सदनिका, उद्वाहक नाही, पहारेकरी नाही. सुट्ट्यांमुळे निम्मी घरे बंद होती. चोर मात्र बंद घरात गेले नाहीत. आमच्या समोरच्या सदनिकेत एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहतात. सारी इमारत त्यांना नुसते 'बाई' म्हणते. रात्री सव्वादोनच्या सुमारास त्यांचे दार पहारीने उचकटून तिघे आत आले. बाईंच्या हातातल्या पाटल्या, गळ्यातली साखळी आणि कपाटातली थोडी रोकड त्यांनी मागितली. बाईंनी ती दिली. त्यांना धक्काबुक्की झाली नाही, हे त्या पुढे प्रत्येकाला आवर्जून सांगत, जणू ते चोरांच्या बाजूचे एक गुणपत्रक होते.

आवाजाने आम्ही जागे झालो. माझे पती दाराकडे धावले, त्यांनी खिटी काढली, दार ओढले. दार हलले नाही. क्षणभर वाटले, उन्हाळ्यात लाकूड अडले असावे. मग ध्यानात आले की बाहेरून कडी लावलेली आहे. मजल्यावरच्या बाकीच्या तिन्ही दारांना ती लावलेली होती, बंद असलेल्या घरालासुद्धा. ज्या दाराच्या भक्कमपणाचा आम्हांला अभिमान होता त्याच दाराने आम्हांला कोंडले होते. आम्ही ११२ क्रमांक फिरवला, दार बडवू लागलो, सासूबाई पितळी परात आणि उलथने घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. बाजूच्या घरातूनही दार बडवल्याचा आवाज येऊ लागला. चोर गेले ते त्या आवाजामुळे, असे बाईंचे म्हणणे. पोलीस आले, पण त्याआधी कोणीतरी जिन्याने वर आले आणि एकेक करून आमच्या कड्या काढल्या. शेजारच्या भूखंडावर अर्धवट बांधलेल्या इमारतीत एक राखणदार आपल्या बायकामुलांसह पत्र्याच्या खोलीत राहतो. परातीचा आवाज ऐकून तो काठी घेऊन आला होता. चोर किती, शस्त्र आहे की नाही, यांतले काहीही ठाऊक नसताना तो तीन मजले चढून आला होता.

नंतर पुष्कळ दिवस मी त्या बाहेरच्या कडीचा विचार करीत राहिले. ही काही त्या चोरांनी शोधून काढलेली युक्ती नव्हे. शेजाऱ्यांच्या घरांना बाहेरून कड्या लावून मग चोरी केली, असा मजकूर आपल्याकडच्या बातम्यांत वारंवार येतो. आपण तो वाचून पुढे जातो. वास्तविक त्या एका ओळीत चोराने आपल्या भीतीची कबुली देऊन ठेवलेली असते. तो कुलपाला भीत नाही. कुलपासाठी त्याच्याजवळ पहार असते. तो शेजाऱ्याला भितो. म्हणून पहार काढण्याआधी तो शेजाऱ्याचा बंदोबस्त करतो. आपल्या घराचे खरे संरक्षण कशात आहे हे घरमालकापेक्षा चोराला अधिक नीट कळलेले असते.

पंधरवड्याने इमारतीची सभा भरली. अशा सभांना माझ्या अनुभवात दोन भाग असतात. पहिला भाग लोखंडाचा. त्यात पुष्कळ शहाण्या सूचना आल्या आणि त्या अमलातही आल्या. सर्व दारांच्या बाहेरच्या कड्या कापून टाकायच्या, कुलूप दारातच बसवलेले घ्यायचे. कुलूप उंची घेतले आणि चौकट तकलादू ठेवली तर पहार चौकटीलाच लागते. तेव्हा आधी चौकट भिंतीत नीट जखडायची, बिजागऱ्यांना आणि कोयंड्याला लांब स्क्रू घालायचे. जिन्यात आणि फाटकाशी कॅमेरे, जिन्याचे दिवे रात्रभर चालू. खिडक्यांच्या जाळ्यांचा प्रश्न निघाला तेव्हा तळमजल्यावरच्या एका अभियंत्यांनी बजावले की चोराला बाहेर ठेवणारी जाळी आग लागली तर आपल्याला आत ठेवते. तेव्हा प्रत्येक घरातल्या एका जाळीला उघडणारे दार हवे आणि त्याची किल्ली अंधारातही हाताला लागेल अशा जागी हवी.

दुसरा भाग माणसांचा. तो लोखंडाच्या भागापेक्षा लवकर आटोपला, कारण त्याविषयी सभेत मतभेद फारसे नव्हते. घरकामाला येणाऱ्या बायकांची पोलीस पडताळणी, भंगारवाल्याला बंदी, डोंबारी, नंदीबैलवाले, सुया-पोती विकणाऱ्या बायका यांना गल्लीत येऊ द्यायचे नाही. आणि 'ज्याची माहिती आपल्याकडे नाही' अशा माणसांच्या यादीत पहिले नाव घातले गेले ते शेजारच्या राखणदाराचे. तो इतक्या तत्परतेने वर आला, याचा अर्थ तो जागा होता. जागा का होता? राखणदाराने रात्री जागे असणे हा संशयाचा पुरावा ठरावा, हे तर्कशास्त्र चारुदत्ताला तत्काळ ओळखीचे वाटले असते. मी उभी राहून म्हटले की बाराच्या बारा घरांत त्या रात्री जिना चढलेला हा एकटाच माणूस आहे. त्याची चौकशी करायची तर आधी त्याचे आभार इतिवृत्तात लिहा. थोडी चुळबुळ झाली. आभार लिहिले गेले. यादीतले नावही राहिले.

या प्रसंगात मला आपल्या समाजाच्या एका जुन्या खोडीचे दर्शन घडले. जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण हे ठरवून दिलेले काम असे. १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात गावच्या राखणदाराच्या जबाबदारीचे वर्णन आहे. गावात चोरी झाली तर चोर शोधायचा, नाही तर त्याच्या पावलांचा माग काढीत पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत जायचे. तेथून पुढची जबाबदारी त्या गावच्या राखणदाराची. हे काम अनेक गावांत रामोशांकडे होते. चोर ज्या वाटेने गेला ती वाट ओळखणारा माणूस गावाला हवा होता. आणि त्याच समाजाचे नाव आज महाराष्ट्रातल्या चौदा विमुक्त जातींच्या यादीत सापडते, म्हणजे ज्यांच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला होता अशा समाजांच्या यादीत. राखणदाराचा संशयित होण्याचा प्रवास आमच्या इमारतीत पंधरा दिवसांत झाला. इतिहासाला त्यासाठी थोडी अधिक वर्षे लागली, एवढाच फरक.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची यंत्रणा कशी होती हे आठवून पाहावे. ज्या जमातीची नोंद झाली तिच्यातल्या माणसाने काही केले असो वा नसो, पोलिसांपुढे हजेरी लावायची, परवानगीवाचून ठरलेली जागा सोडायची नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणामागे अशा लोकांची वस्ती वसवली गेली आणि ती 'सेटलमेंट' याच नावाने ओळखली गेली. चोरी होण्याआधीच चोर ठरवून त्याच्या घराला सरकारने बाहेरून लावलेली कडी, असे या कायद्याचे वर्णन करता येईल. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कडी निघाली, ज्या मनांनी ती लावली होती ती मने तशीच राहिली. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आज ते अभ्यासक्रमांत आहे. त्यावर आमचे विद्यार्थी दहा-दहा गुणांची उत्तरे लिहितात. त्याच विद्यार्थ्यांच्या आणि आम्हां अध्यापकांच्या इमारतींत सभा भरतात, तेव्हा गल्लीत कोणाला येऊ द्यायचे नाही याची यादी मात्र १८७१ च्या मनाने तयार होते.

ही केवळ सभेतली तक्रार असती तर मी एवढे लिहिले नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक चोर असल्याच्या अफवेला बळी पडले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण अलंकार म्हणून शिकवतो. ती इतकी शब्दशः खरी होऊ शकते हे कळल्यानंतर वर्गात तिचा वाक्यात उपयोग करून दाखवणे मला कठीण जाते. दोन्ही ठिकाणी लोक आपापल्या घरांचे रक्षण करीत आहोत याच समजुतीत होते. तेव्हा घराची तयारी करायची म्हणजे केवळ आपल्याला कोण मारील याचा विचार करून भागत नाही. भीतीच्या भरात आपल्या हातून काय घडेल याचीही तयारी करावी लागते.

आमच्या घरात ती तयारी कशी झाली ते सांगते, कारण उपदेशापेक्षा तपशील उपयोगी असतो. एका रविवारी आम्ही चौघे बसलो: सासूबाई, आम्ही दोघे आणि अकरावीतला मुलगा. पहिला नियम एकमताने ठरला, की कोणत्याही वस्तूसाठी कोणी झटापट करायची नाही. बाईंनी पाटल्या काढून दिल्या हेच शहाणपण. दुसरा, की रात्री आवाज आला तर पाहायला बाहेर जायचे नाही. सर्वांनी सासूबाईंच्या खोलीत जमायचे, कारण त्यांना धावपळ करता येत नाही. त्या खोलीच्या दाराला आतून भक्कम खिटी बसवली आणि एक फोन रात्री तिथेच चार्जिंगला लावायचा असे ठरले. तिसरा, की ११२ लावल्यावर आधी पत्ता सांगायचा, हकिकत नंतर. घाबरलेला माणूस हकिकत आधी सांगू लागतो. चौथा नियम सासूबाईंचा: परात त्यांच्या पलंगाखाली राहील.

मुलाला एक गोष्ट उशाशी ठेवायची होती, ती म्हणजे क्रिकेटची बॅट. त्याने महाजालावर वाचले होते की घरात शिरलेल्या चोराला मारले तर गुन्हा होत नाही. मी त्याला कायदा काढून दाखवला. खासगी बचावाचा हक्क आपल्याला आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेल्या घरफोडीत तो हक्क, काही मर्यादांच्या आत, जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. हे जुन्या संहितेच्या कलम १०३ मध्ये होते आणि नव्या संहितेच्या कलम ४१ मध्ये आहे. पण त्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा, त्याहून अधिक नाही. आणि पोलिसांचे साहाय्य घ्यायला अवसर असेल तर हा हक्कच उरत नाही. पळून जाणाऱ्याला गाठून मारणे, पकडून बांधून मारणे, याला कायदा बचाव म्हणत नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "आई, त्या रात्री राखणदारकाका काठी घेऊन वर आले, तेव्हा आपल्यापैकी कोणाकडे बॅट असती आणि दार उघडं असतं, तर?" या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. बॅट माळ्यावर गेली.

सर्वांत अवघड प्रश्न दिवसाचा होता. आम्ही तिघे बाहेर असतो तेव्हा सासूबाई एकट्या असतात, आणि वाईच्या वाड्यातल्या त्या मुलीला दारी आलेल्याला पाणी विचारल्याशिवाय राहवत नाही. दागिने उजळून देतो म्हणणारे, पोलीस असल्याची बतावणी करून 'पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून पुडीत बांधा' असे सांगणारे, गॅसची नळी तपासायला आल्याचे सांगणारे, ह्या साऱ्या प्रकारांची मी त्यांच्यापुढे उजळणी केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, चोर येईल म्हणून मी तहानलेल्याला परत पाठवू का?" मी म्हटले, "आई, पाणी तुम्ही द्याच. जाळीचं दार तेवढं उघडू नका." आता दारात बसवलेल्या लोखंडी जाळीच्या दाराला खाली एक चौकोनी खिडकी आहे. भांडे त्यातून बाहेर जाते, रिकामे परत येते. सासूबाईंनी त्या खिडकीला 'दिंडी' हे नाव दिले आहे. येणाऱ्याला तिथे थोडे वाकावे लागते. त्यांच्या आजोबांनी सांगितलेला तो एक क्षण त्यांना मिळतो, आणि आलेल्या माणसाला पाणीही मिळते.

लोखंडाच्या बाजूने आमचे घर आता पूर्वीपेक्षा बळकट आहे. तरी माझा भरवसा अधिक आहे तो कपाटाच्या दाराला आतून डकवलेल्या एका कागदावर. त्यावर सात दूरध्वनी क्रमांक आहेत. कोणत्या घराची जादा किल्ली कोणाकडे आहे, कोणाला ऐकू कमी येते म्हणून त्यांना फोन न करता भिंत वाजवायची, रात्री कोण एकटे असते, हे त्यापुढे लिहिले आहे. हा कागद करताना कळले की मजल्यावरच्या चार घरांपैकी दोघांचे क्रमांक आम्हां एकमेकांकडे नव्हतेच. बारा वर्षे आम्ही शेजारी होतो. चोरांनी त्या रात्री आमच्या कड्या बाहेरून लावल्या हे खरे; परंतु त्यांचे निम्मे काम आम्ही आधीच आतून करून ठेवले होते.

यादीतला सातवा क्रमांक राखणदाराचा आहे. तो मागायला मी गेले तेव्हा त्याने आधी विचारले, "पोलिसांना द्यायचाय का, मॅडम?" मी सांगितले, नाही, रात्री काही झाले तर तुम्हांला हाक मारण्यासाठी. त्याने क्रमांक सांगितला आणि त्याच्या बायकोने माझा लिहून घेतला. पत्र्याच्या त्या खोलीला दार होते. त्याला आतून खिटी नव्हती, एक सुतळी होती. तेथेही रात्री माणसे झोपतात, त्यांच्याही घरात कोणी शिरू शकते, आणि त्यांनी हाक मारली तर तीन मजले उतरून आमच्यापैकी कोण जाईल, हा विचार इमारतीच्या सभेत अद्याप व्हायचा आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेसाठी मी तो लेखी दिला आहे.